कावळ्याची धाप

दारू सोडून चार महिने झाले, तेव्हा इमारतीतल्या सगळ्यांची खात्री पटली की हा आता सकाळपासूनच प्यायला लागला.

तसं वाटायला कारणही होतं. सकाळी सहाच्या सुमाराला तो जिन्यात दिसायचा. तोंड लालबुंद, कपाळावरून घाम निथळतोय, एक हात कठड्याला, डोळे अर्धवट मिटलेले आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजणं चाललेलं. इमारत पाच मजल्यांची. तळापासून गच्चीच्या दारापर्यंत नव्वद पायऱ्या. त्या तो चढायचा, उतरायचा आणि पुन्हा चढायचा. पिणारा माणूस निदान एकदाच चढतो.

तिसऱ्या मजल्यावर कपडे शिवणारी एक बाई राहायची. तिने आधी आठवडाभर दाराच्या फटीतून पाहिलं. मग एके दिवशी फरशी पुसायच्या निमित्ताने पाण्याची बादली बरोबर जिन्याच्या वळणावर आडवी ठेवली आणि स्वतः कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"पूर्वी संध्याकाळी एकदाच धडपडत यायचात," ती म्हणाली. "आता रोज सकाळी सहा वेळा. सोडली सोडली म्हणतात ती हीच का?"

तिला सांगायला त्याच्याकडे उत्तर होतं. पण ते देण्याइतका श्वास नव्हता. त्याने बादली उचलली, बाजूला ठेवली. ठेवताना जरा जोरातच ठेवली गेली आणि पाणी तिच्या पायांवर उडालं. त्यानंतर ती जे बोलली ते चार मजल्यांनी ऐकलं. तो मात्र गच्चीच्या दाराशी पोचला, भिंतीला पाठ टेकून बसला आणि मनगटावर दोन बोटं ठेवून घड्याळाकडे बघत राहिला. एकशे अडतीस. त्याला मिनिटाभरात मरण येणार असं वाटत होतं. ते रोजच वाटायचं. रोज सहा वेळा.

हा माणूस क्रेन चालवायचा. लोखंडी पत्र्याच्या गुंडाळ्या उतरवून रचून ठेवणारी एक मोठी शेड होती. एकेक गुंडाळी माणसाच्या छातीएवढी उंच आणि सात-आठ टन वजनाची. शेडच्या छताखाली दोन रुळांवरून ती क्रेन मागेपुढे धावायची आणि तिच्या पोटाला चिकटलेल्या काचेच्या केबिनमध्ये हा दिवसभर मान खाली घालून बसलेला असायचा. म्हणून त्याला सगळे 'कावळा' म्हणायचे. नाव कुणी ठेवलं ते आठवत नाही, पण त्याला ते आवडायचं. खाली चाळीस माणसं आणि वर आपण एकटे, ही गोष्ट त्याच्या स्वभावाला मानवली होती. एकोणीस वर्षं तो तिथे बसला.

त्यातली शेवटची सात-आठ वर्षं तो सकाळी शिडी चढण्याआधी दोन घोट घ्यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत आणखी तीन. लोकांना वाटतं, पिणाऱ्याचे हात थरथरतात. याचे न पिता थरथरायचे. दोन घोट पोटात गेले की हात असे स्थिर व्हायचे की गुंडाळी जमिनीवर टेकली तरी आवाज यायचा नाही. फोरमन नव्या माणसांना बोट दाखवून सांगायचा, बघा, असं ठेवायचं असतं. वास यायचा तो तेलाच्या आणि ग्रीसच्या वासात बुडून जायचा, आणि ज्यांना यायचा ते गप्प बसायचे, कारण काम चोख होतं.

मग ती दुपार आली.

क्रेनवाला वरून बघतो खरा, पण चालतो तो खालच्या माणसाच्या हातांवर. गुंडाळीजवळ उभा राहून वर घे, खाली घे, थांब, असे हाताने इशारे करणारा एक सिग्नलवाला असतो. याचा सिग्नलवाला होता याच्याच बायकोचा धाकटा भाऊ. मेहुण्याला त्या शेडमध्ये यानेच चिकटवलं होतं. त्या दुपारी गुंडाळी खाली येत असताना तिच्या खालची लाकडी पाचर सरकली. ती नीट करायला मेहुणा दोन गुंडाळ्यांच्या मधे शिरला आणि वरून दिसेनासा झाला. सिग्नलवाला दिसत नसेल तर क्रेन थांबवायची. या नियमाला अपवाद नाही. कावळ्याला वाटलं, गेला असेल पलीकडून बाहेर. त्याने गुंडाळी टेकवली. नेहमीप्रमाणे आवाज न होता टेकली. आवाज आला तो मेहुण्याचा.

डाव्या पायाची दोन बोटं गेली. बाकीचा पाय वाचला तो बुटामुळे.

चौकशी झाली. दारूचं कुणी बोललं नाही; मेहुणाही बोलला नाही. बहिणीचा संसार होता. पण दवाखान्यात हा त्याला भेटायला गेला तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं, आणि त्या दिवसापासून तो बहिणीच्या घराची पायरी चढला नाही. कंपनीने कावळ्याला सहा महिन्यांसाठी खाली उतरवलं. साखळ्या धुणं, हुकांना ग्रीस लावणं, पाचरी रचून ठेवणं. सहा महिन्यांनी पुन्हा वर जायचं असेल तर दोन गोष्टी लागणार होत्या. एक म्हणजे कंपनीच्या दवाखान्यातल्या सिस्टरचा दाखला: चौसष्ट पायऱ्यांची उभी शिडी चढून उतरायची आणि पाच मिनिटांत नाडी शंभराच्या खाली यायला हवी. दुसरी म्हणजे सिग्नलवाल्याची सही. त्या शेडची ती जुनी पद्धत होती. ज्याच्या डोक्यावरून वजन जाणार, तो वहीत सही करतो की या माणसाच्या क्रेनखाली उभं राहायला मी तयार आहे. सही नाही तर क्रेनवाला कितीही तरबेज असो, तो जमिनीवरच. शेडमध्ये सिग्नलवाले तीन होते. बाकीच्या दोघांनी स्वच्छ सांगून टाकलं, की ज्याचा पाय गेला तो आधी सही करेल, मग आम्ही. आणि सहा महिन्यांत हे जमलं नाही, तर सध्या बदलीवर असलेला क्रेनवाला कायम होणार आणि कावळा निवृत्तीपर्यंत साखळ्या धुणार.

दारू त्याने त्याच दिवशी सोडली. शपथ घेतली नाही, कुणाला सांगितलं नाही. मेहुण्याचा बूट कापून काढताना त्याने पाहिला होता, तेवढं पुरे झालं. पहिला पंधरवडा कसा गेला ते बायकोलाच विचारावं. ती मात्र सांगणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने गोळ्या दिल्या आणि अंगातली थरथर ओसरली.

थरथर गेली आणि भीती आली. भीती कशाची, ते सांगता येईना. दुपारी जेवायला बसलेला असायचा आणि छातीत एकदम धडधड सुरू व्हायची. तळहात ओले, बोटांना मुंग्या, घसा कोरडा. डोळ्यांच्या कडांनी अंधार आत सरकत यायचा. आता काहीतरी होणार. काय होणार? काहीतरी. दहा-पंधरा मिनिटांनी ते आपलं आपण निघून जायचं आणि हा घामाने भिजून बसलेला असायचा. पूर्वीही हे होत असणार. पण पूर्वी त्यावर दोन घोटांचं झाकण होतं.

डॉक्टर तुसडा होता. त्याने याच्याकडे न बघताच सांगितलं, की तुम्ही इतकी वर्षं शरीराची धोक्याची घंटा दाबून धरली होती, आता ती उगाचच वाजते, काही महिने वाजेल. हृदयाला काही झालेलं नाही. रोज धाप लागेपर्यंत चाला, नाहीतर जिने चढा.

"धाप लागली की तेच सुरू होतं," हा म्हणाला. "धडधड, घाम, सगळं तेच."

"म्हणूनच चढा. धाप लागून कुणी मरत नाही, हे तुमच्या टाळक्यात शिरेपर्यंत चढा."

सांगायला सोपं होतं. पहिल्या दिवशी तो दुसऱ्या मजल्यावरच बसला. छाती उडतेय ती जिन्यामुळे की त्या दुसऱ्यामुळे, हेच कळेना. आणि कळेना म्हटल्यावर भीती दुप्पट झाली. त्या क्षणी कोणी बाटली पुढे केली असती तर त्याने ती बुचासकट संपवली असती. तो तसाच बसून खाली उतरला, एकेक पायरी, लहान पोर उतरतं तसा. दुसऱ्या दिवशी पुन्हा दोन मजले. तिसऱ्या दिवशी अडीच.

शेवटी उपयोगी पडलं ते त्याचं स्वतःचं कामच. क्रेनला टांगलेलं वजन झोके घ्यायला लागलं की नवा माणूस घाबरून उलटीकडे जोरात खेचतो. मग झोका आणखी वाढतो. जुना माणूस वजन जिकडे जातंय तिकडे क्रेन हळूच नेतो, वजनाच्या डोक्यावर जाऊन थांबतो आणि झोका मरतो. हे त्याला चौथ्या मजल्यावर बसलेला असताना सुचलं. धडधड आली की तिला थोपवायचं नाही. तिच्याबरोबर जायचं. चार आकडे श्वास आत, सात आकडे बाहेर. मेहनतीची धडधड असेल तर बसल्यावर ओसरते. भीतीची असेल तर बसल्यावर वाढते. वाढली तर वाढू द्यायची, मोजत राहायचं. या दोन धडधडींमधला फरक शिकायला त्याला दोन महिने आणि काही हजार पायऱ्या लागल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईला अर्थातच त्यातलं काही दिसत नव्हतं. तिला घामेजलेला, पुटपुटणारा माणूस दिसत होता.

तिलाच कशाला नावं ठेवा? घरी बायकोही तेच बघत होती. तो जिन्यावरून आला की ती दारात आडवी उभी राहायची आणि त्याच्या तोंडाजवळ नाक न्यायची. बावीस वर्षांच्या संसारात नवरा-बायकोचं तोंड इतकं जवळ येण्याचा तेवढाच प्रसंग उरला होता. वास आला नाही तरी तिचं समाधान व्हायचं नाही. पाण्याचा पेला जरा जोरात ठेवला की हा दचकायचा, दचकला की ओरडायचा, ओरडला की ती स्वयंपाकघरात निघून जायची. एकदा ती गेली नाही. तिथेच उभी राहून शांतपणे म्हणाली, "प्यायचात तेव्हा निदान झोपून तरी राहायचात. आता चोवीस तास जागा असतो एक माणूस घरात. माझ्या भावाचा पाय गेला, भाऊ तुटला, आणि मी ह्या माणसाचा श्वास मोजत बसलेय."

तो चिडून जिन्याकडे गेला आणि त्या दिवशी आठ फेऱ्या केल्या. रागाचाही तेवढाच उपयोग.

शेडमध्ये तर उघड उघड चेष्टा होती. तो ग्रीसचा डबा घेऊन जाताना दिसला की हमालांपैकी कुणीतरी वर बघून काव-काव करायचा. कावळा जमिनीवर आला म्हणजे कोण वारलं, असं एकजण रोज विचारायचा. रोज तोच विनोद, रोज तेच हसू. यानेही ते निमूट सोसलं असं नाही. एकदा ग्रीसने भरलेलं फडकं त्याने त्या हमालाच्या तोंडावर फेकून मारलं. फोरमन दोघांना ओरडायच्या ऐवजी यालाच ओरडला. फोरमनचंही बरोबर होतं. ज्या माणसाला तो नव्या पोरांना उदाहरण म्हणून दाखवायचा, त्याच माणसाने त्याला मान खाली घालायला लावली होती.

मेहुणा तीन महिन्यांनी कामावर परतला तो बुटात कापूस भरून, किंचित लंगडत. दोघं एकाच शेडमध्ये असायचे आणि बोलायचे नाहीत. हा ज्या साखळ्या धुवायचा त्या मेहुणा हातात घेऊन पुन्हा एकदा पुसायचा. सगळ्यांसमोर.

पाचव्या महिन्यात याने धीर केला. जेवणाच्या सुट्टीत मेहुणा एकटा बसला होता तिथे जाऊन म्हणाला, की सहीचं बघशील का. मेहुण्याने डब्यातून मान वर केली नाही. "दाजी," तो म्हणाला, "आधी शिडी तर चढून दाखवा. दहाव्या पायरीवर लटपटता, शेड बघते." आणि डब्याचं झाकण लावून उठून गेला.

खरंच होतं ते. पिऊन तो जी शिडी सरसर चढायचा, ती शुद्धीत चढताना तो दर पायरीला थांबून दोन्ही हातांनी गज आवळायचा. सिस्टरसमोरच्या पहिल्या परीक्षेत तो तिसाव्या पायरीवर शिडीला मिठी मारून राहिला. कसाबसा वर जाऊन खाली आला तेव्हा पाच मिनिटांनीही नाडी एकशे चोवीस. सिस्टरने कागदावर काट मारली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. खालून कुणीतरी काव-काव केलंच.

मेहुणा 'आधी शिडी चढून दाखवा' म्हणाला, हे वाक्य याने घट्ट धरून ठेवलं. त्याचा अर्थ त्याने असा लावला, की शिडी चढली, नाडी बसली, की सही मिळाली. म्हणजे आता भांडण फक्त नाडीशी. मग त्याने कमालच केली. सकाळी जिना, संध्याकाळी कारखान्यापासून घरापर्यंत पाच किलोमीटर भराभर चालत. पाठीवरच्या पिशवीत विटा. वाटेतल्या बारमधले ओळखीचे लोक दारात येऊन हाका मारायचे, तेव्हा तो रस्ता ओलांडून पलीकडून जायचा. आणि ती हाक ऐकून छातीत जे व्हायचं ते मेहनतीचं नाही हे त्याला आता नेमकं कळायचं. वजन सहा किलोने उतरलं. मेहुण्याची सही या एका गोष्टीसाठी तो चालत होता. बायकोने विचारलं असतं तर तेच सांगितलं असतं, पण तिने विचारलं नाही.

सहावा महिना संपायला आठ दिवस असताना त्याने पुन्हा परीक्षा दिली. चौसष्ट पायऱ्या चढला, उतरला, बाकावर बसला. चार आत, सात बाहेर. पाच मिनिटांनी शहाण्णव. सिस्टरने दोनदा मोजली, कारण तिचाही विश्वास बसेना. दाखल्यावर शिक्का बसला.

तो दाखला घेऊन तो सरळ मेहुण्याकडे गेला. अंगात इतक्या दिवसांनी उत्साह होता. कागद त्याने मेहुण्याच्या हातातच ठेवला.

मेहुण्याने तो नीट वाचला. घडी घातली. परत दिला.

"शहाण्णव," तो म्हणाला. "छान. आणि त्या दिवशी किती होती, दाजी?"

याला कळलं नाही.

"माझ्या पायावर गुंडाळी ठेवलीत त्या दिवशी. सत्तर असेल. पंच्याहत्तर. तुम्ही शीळ घालत होता. मला खाली ऐकू येत होतं." मेहुण्याचा आवाज अजिबात चढला नव्हता. "नाडी शांत होती म्हणून तर माझी बोटं गेली. हा कागद सिस्टरला दाखवा. मला नको."

हा तिथेच उभा राहिला. सहा महिने घाम गाळून त्याने जे मिळवलं होतं ते समोरच्या माणसाने कधी मागितलंच नव्हतं. छातीत धडधड सुरू झाली. बसायला जागा नव्हती, म्हणून उभ्यानेच मोजलं.

फोरमनला हे प्रकरण एकदाचं निकालात काढायचं होतं. त्याने दोघांना बोलावून सांगितलं, की शनिवारी सकाळी एक गुंडाळी ट्रकवरून उचलून ओळीत ठेवायची. खाली मेहुणा, वर हा. त्यानंतर मेहुण्याने सही करायची किंवा नाही म्हणायचं, आणि पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही. मेहुणा म्हणाला, उभा राहीन, पण लांब उभा राहीन. आणि तुम्हाला दिसत राहीन, दाजी, काळजी करू नका. शेवटचं वाक्य त्याने इतक्या गोडीने म्हटलं की फोरमनलाच अवघडल्यासारखं झालं.

शनिवारी ट्रक लागला. बातमी फुटलेली होतीच. हमाल हातातलं काम टाकून भिंतीकडेने उभे राहिले. कावळा शिडी चढला. केबिनमध्ये बसला, धाप ओसरेपर्यंत थांबला. ती ओसरली. मग हातात दांडे घेतले. सहा महिन्यांनी हात त्या जागी पडले आणि आपोआप बसले. हुक गुंडाळीच्या पोटात गेला, मेहुण्याने हात वर केला, याने पायाखालची घंटा एकदा वाजवली. एक घंटा म्हणजे 'कळलं, हलवतोय'. आठ टन वजन ट्रकवरून अलगद उठलं. आडवं सरकलं. ओळीच्या वर आलं. भिंतीजवळ एक-दोघांनी मान डोलावली, कारण हात तोच होता.

मेहुणा खाली उघड्यावर उभा राहून तळहात खाली दाबत होता: उतरव. गुंडाळी उतरू लागली. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर आली. आणि काही कारण नसताना ते आलं.

बोटांना मुंग्या. घसा कोरडा. काचेच्या कडांनी अंधार आत सरकायला लागला. त्याने ओळखलं की हे शिडीचं नाही. शिडीचं केव्हाच गेलं. मेहुणा दिसत होता, हातही दिसत होता. आणखी पंधरा सेकंद दात खाऊन खाली घेतलं असतं तर गुंडाळी टेकली असती आणि वर काय झालं ते कुणाच्या बापाला कळलं नसतं. एकोणीस वर्षं तो असंच करत आला होता.

क्रेनवाल्याकडे आणखी एक घंटा असते, लागोपाठ दोनदा वाजवायची. 'थांबलोय, मला दिसत नाही किंवा पुढचा भरवसा नाही,' असा तिचा अर्थ. नियमात ती आहे, पण त्या शेडमध्ये ती कुणी वाजवत नसे. वाजवली की महिनाभर चेष्टा ठरलेली. दोन घंटा वाजवणारा तो कच्चा.

त्याने दांडे सोडले आणि दोनदा पाय दाबला.

शेडमध्ये क्षणभर कुणाला काही कळेना. मेहुणा तर समोर ढळढळीत उभा होता. मग हशा उसळला. "कावळ्याला दिसेना," एकाने ओरडून सांगितलं. दुसऱ्याने त्याला चष्मा नेऊन द्यायची तयारी दाखवली. ट्रकवाल्याने भोंगा वाजवला. फोरमनने घड्याळ बघितलं आणि कागदावर काहीतरी लिहिलं. वर केबिनमध्ये हा मांड्यांवर हात ठेवून मोजत होता. चार आत, सात बाहेर. वाढतंय, वाढू दे. त्याच्याबरोबर जा. खाली मेहुणा तळहात आडवा धरून, म्हणजे 'थांबलेलं राहू दे' असा, तसाच उभा होता. हसला नाही, घाईही केली नाही. सव्वातीन मिनिटांनी एक घंटा वाजली. गुंडाळी खाली आली आणि टेकली. या वेळी थोडा आवाज झाला.

तो शिडी उतरून आला तेव्हा फोरमनने मान हलवून सांगितलं, की हात चांगला आहे, पण दर गुंडाळीला तीन तीन मिनिटं थांबायला इथे कुणाला वेळ नाही. मेहुणा लंगडत जवळ आला. लोक ऐकायला पुढे सरकले.

"मी तुमच्यासमोर होतो," मेहुणा म्हणाला. "लपलो नव्हतो. दोन घंटा कशासाठी?"

"तू दिसत होतास," हा म्हणाला. "माझाच मला भरवसा वाटेना."

"आत्ता वाटतो?"

"आत्ता वाटतो. उद्याचं माहीत नाही."

"एकोणीस वर्षांत किती वेळा वाजवलीत ती?"

"एकदाही नाही."

मेहुण्याने फोरमनच्या टेबलावरची वही ओढली, पेन घेतलं आणि सही केली. सही अशी केली की कागद फाटायला आला. फोरमन म्हणाला, की अरे विचार कर. मेहुणा म्हणाला की नियम तुमचा आहे, वजन माझ्या डोक्यावरून जाणार आहे, आणि जो थांबतो त्याच्याखाली मी उभा राहतो. जो कधीच थांबत नाही त्याच्याखाली उभं राहून झालं माझं. बदलीचा क्रेनवाला तिथेच होता, त्याला हे झोंबलं.

मग मेहुणा याच्याकडे वळला. "माफीबिफी काही नाही, दाजी. तुमच्या घरी मी येणार नाही, तुम्ही माझ्या घरी यायचं नाही. ताईला काय सांगायचं ते तुम्हीच बघा. आणि सोमवारपासून मी 'थांब' म्हणालो की थांबायचं. का म्हणून विचारायचं नाही."

हा म्हणाला, बरं. आणखी काही बोलावं असं त्याच्या मनात होतं. बरंच होतं, सहा महिन्यांचं. पण मेहुणा पाठ फिरवून निघाला होता. घरी जाऊन याने बायकोला सहीचं सांगितलं. ती धुतलेले कपडे घडी करत होती, करत राहिली. त्याने सही केली म्हणून तुमच्यावर माझा विश्वास बसेल असं समजू नका, एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, की तो अजून लंगडतो का. हा म्हणाला, लंगडतो.

सोमवारी सकाळी कावळा वर गेला. पहिली गुंडाळी ट्रकवरून उठते न उठते तोच मेहुण्याने दोन्ही हात आडवे केले: थांब. हा थांबला. खाली काहीच नव्हतं. माणूस नाही, पाचर नाही, काही नाही. मेहुणा अर्धा मिनिट तसाच वर बघत राहिला, मग हात हलवला. दहा फुटांवर पुन्हा थांब. पुन्हा हा थांबला. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मेहुण्याने त्याला अकरा वेळा विनाकारण थांबवलं आणि अकराही वेळा क्रेन जागच्या जागी उभी राहिली. वर केबिनमध्ये याला चौथ्या वेळी राग आला होता, सातव्या वेळी शिवी आली होती, नवव्या वेळी घाम. दांडे त्याने प्रत्येक वेळी सोडले.

बाराव्या वेळी ट्रकवाल्याचा संयम सुटला. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून वर बघून शिव्यांची सरबत्ती सुरू केली: हा काय क्रेनवाला आहे की झोपलेला म्हातारा, याला कुणी वर बसवलं, वगैरे.

मेहुणा लंगडत ट्रकपर्यंत गेला. "दाजी आहेत ते माझे," तो म्हणाला. "त्यांना शिव्या मी देईन. तू गाडीत बस."

मग तो परत आपल्या जागेवर आला, वर पाहिलं, क्रेन हलवायचा इशारा केला, आणि ती दोन फूट सरकली असेल नसेल, पुन्हा दोन्ही हात आडवे केले.